भिल्लमाल, पाटण, वाराणसी : ऋणसंख्येची कुळकथा

शके ५५०, म्हणजे इसवी सन ६२८ या वर्षी, अबूच्या पहाडाच्या वायव्येस असलेल्या आणि त्या काळी गुर्जरदेशाचे प्रमुख नगर म्हणून नावाजलेल्या भिल्लमाल येथे, चापवंशीय राजा व्याघ्रमुख राज्य करीत असता, जिष्णुपुत्र ब्रह्मगुप्त याने वयाच्या तिसाव्या वर्षी ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या नावाचा ज्योतिषग्रंथ सिद्ध केला. ग्रहांची मध्यमगती, स्पष्टगती, ग्रहणे, उदयास्त, चंद्राची शृंगोन्नती असे सर्व विषय यथासांग मांडणाऱ्या त्या भल्यामोठ्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, म्हणजे कुट्टकाध्यायात, काही थोड्या आर्या अशा आहेत की त्यांचा ग्रहांशी वरकरणी काहीच संबंध नाही. त्यांत धन, ऋण आणि शून्य या तीन प्रकारच्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ कसे करावे याचे नियम आहेत. आज आपल्या शाळेतील बारा वर्षांचा मुलगा हे नियम पाठ म्हणून दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु हे नियम असे एकत्र, शून्याला संख्यांच्या पंक्तीत मानाचे पान देऊन, कोणत्याही विशिष्ट उदाहरणाच्या आश्रयावाचून मांडलेले जगातील उपलब्ध वाङ्मयात येथेच प्रथम आढळतात.

दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांचे अंतर, आणि ती दोन्ही समान असतील तर बेरीज शून्य, असे ब्रह्मगुप्त सांगतो. शून्यातून ऋण वजा केले तर धन उरते व धन वजा केले तर ऋण उरते, असेही तो सांगतो. या दोन विधानांत, माझ्या मते, या विषयाचे सर्व सार आलेले आहे. समान धन व समान ऋण यांचे ऐक्य शून्य होय, असे म्हणणे म्हणजे प्रत्येक संख्येला तिची एक विरुद्ध संख्या असते आणि त्या दोघींची ओळख एकमेकींवाचून पटत नाही, असे म्हणणे आहे. आपली आजची पाठ्यपुस्तके ज्याला बेरीज व्यस्त म्हणतात तो हाच संबंध. पाचाची विरुद्ध संख्या कोणती, तर पाचात जी मिळवली असता शून्य येईल ती. आणि त्या संख्येची विरुद्ध संख्या कोणती, तर पुन्हा पाच. ऋण पाच ही वस्तू ‘दिसते कशी’ हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. ती पाचाशी कशी वागते एवढेच पुरे होते. पुढील हजारबाराशे वर्षांत जगातील मोठमोठ्या बुद्धिमंतांनी या संख्येविषयी जो घोळ घातला, तो बहुतांशी हा संबंध सोडून ती वस्तू कशी आहे याचा शोध घेत बसल्यामुळे घातला, असे या इतिहासाकडे पाहताना मला वारंवार वाटत आले आहे.

ब्रह्मगुप्ताला ही दृष्टी कोठून लाभली असेल? धन आणि ऋण ही नावे व्यवहारातील असल्यामुळे सावकारीच्या वहीत या कल्पनेचा उगम आहे असे सहज म्हटले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. एखाद्या असामीच्या खात्यावर शंभर जमा आणि शंभर नावे पडले म्हणजे बाकी काही राहत नाही, हे कोणाही कारकुनाला ठाऊक असते. परंतु ब्रह्मगुप्त हा कारकून नव्हता, ज्योतिषी होता. आणि ज्योतिष्याच्या रोजच्या कामात या विरुद्धतेचे आणखी एक, अधिक सूक्ष्म स्वरूप त्याच्या हाताखालून जात होते. ग्रहाचे मध्यम, म्हणजे सरासरी गतीने येणारे, स्थान काढल्यावर ते स्पष्ट, म्हणजे प्रत्यक्षाशी जुळणारे, करण्यासाठी त्याला फलसंस्कार द्यावा लागतो. तो संस्कार ग्रह आपल्या कक्षेच्या एका अर्धात असता धन असतो आणि दुसऱ्या अर्धात असता ऋण असतो. आणि या दोहोंच्या संधीवर तो शून्य असतो. येथे कोणी कोणाचे देणे लागत नाही. एकच राशी वाढते, शून्यावर येते, उलट बाजूस वाढू लागते आणि पुन्हा शून्यावर येते. ज्याने आयुष्यभर असे संस्कार दिले, त्याला शून्य ही नुसती रिकामी जागा न वाटता दोन विरुद्ध प्रांतांमधली हद्द वाटावी आणि त्या हद्दीवरही हिशेब चालतो असे दिसावे, हे स्वाभाविक आहे.

ऋणसंख्येचा व्यवहार ब्रह्मगुप्तापूर्वी कोणास ठाऊक नव्हता असे मात्र कोणी समजू नये. चीन देशात, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास आज आहे त्या रूपास आलेल्या ‘नऊ अध्याय’ या गणितग्रंथाच्या आठव्या अध्यायात, अनेक अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींची समीकरणे पाटावर काड्या मांडून सोडविण्याची रीत दिली आहे, आणि त्या रीतीत मोठी संख्या लहान संख्येतून वजा करण्याचा प्रसंग पदोपदी येत असल्यामुळे धन आणि ऋण यांच्या मिळवणी-वजावटीचे नियमही दिले आहेत. इसवी सन २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिणारा ल्यू हुई सांगतो की, धन संख्येसाठी तांबड्या आणि ऋण संख्येसाठी काळ्या काड्या वापराव्यात. समोर काहीच नसेल तर वजा करावयाचे धन ऋण होते आणि ऋण धन होते, हा नियमही तेथे आहे. पण ते ‘काहीच नसणे’ म्हणजे पाटावरची मोकळी जागा होती. तिचे नाव संख्यांच्या यादीत दाखल झालेले नव्हते. शिवाय ही ऋणे गणिताच्या मध्यावर उत्पन्न होत आणि उत्तर येण्यापूर्वी मावळून जात. आपल्याकडे पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली जमीन खणताना जे भूर्जपत्रांवरील गणिताचे हस्तलिखित सापडले, त्यातही ऋण राशी येते, आणि ती दाखविण्यासाठी अंकापुढे जे चिन्ह केलेले आहे ते आजच्या अधिक चिन्हासारखे आहे. त्यामुळे ती पाने प्रथम पाहणाऱ्याचा पुष्कळ गोंधळ होतो.

याच्या उलट ग्रीकांकडे पाहावे. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटससारखा, समीकरणांच्या विद्येत ज्याचा हात धरणारा त्या जगात कोणी नव्हता असा पुरुष, एका ठिकाणी अशा समीकरणाशी येऊन थांबतो की ज्यात अव्यक्ताच्या चौपटीत वीस मिळवले असता चार व्हावयाचे आहेत. आणि हे असंगत आहे, कारण चार हे विसापेक्षा मोठे असावयास हवे होते, असे म्हणून तो ती वाट सोडून देतो. ऋण चार हे उत्तर त्याच्या दारात उभे होते. ग्रीकांची संख्या ही रेषेची लांबी किंवा वस्तूंची मोजदाद होती, आणि उणी लांबी कोणी पाहिलेली नव्हती. म्हणून त्याने ते दार उघडले नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या संख्यांमध्ये शून्य नव्हते, आणि जेथे शून्य नाही तेथे विरुद्ध संख्या उभी राहण्यास भूमीच नाही.

ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील ज्योतिष आठव्या शतकात, खलीफा अल्-मन्सूरच्या अमदानीत, बगदादच्या दरबारी पोचले आणि त्याचे अरबी रूपांतर झाले. परंतु ग्रहगणित गेले, अंक गेले, शून्य गेले, तरी ऋणसंख्या त्या काफिल्याबरोबर गेली असे दिसत नाही. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, ज्याच्या ग्रंथावरून युरोपीय भाषांत बीजगणिताचे नाव रूढ झाले त्या अल्-ख्वारिझ्मीने वर्गसमीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार केले, ते केवळ एकाच कारणासाठी की, समीकरणाच्या दोन्ही बाजूंस फक्त मिळवावयाच्या राशीच राहाव्यात आणि उणी राशी कोठेही एकटी उभी राहू नये. ब्रह्मगुप्ताच्या नियमांनी जे एका समीकरणात मावते त्याचे येथे सहा भाग झाले. पुढे बाराव्या शतकात बगदादच्याच अस्-समवाल नावाच्या पंडिताने ऐन तारुण्यात लिहिलेल्या ग्रंथात, रिकाम्या स्थानातून मिळकत वजा केली तर तेवढीच तूट उरते आणि तूट वजा केली तर तेवढीच मिळकत उरते, असे नियम स्वच्छ मांडले. परंतु त्याचे अनुयायी थोडे झाले.

आपल्याकडे हा प्रवाह खंडला नाही. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात जैन आचार्य महावीर याने ‘गणितसारसंग्रहा’त हे नियम दिले आणि ऋणाला वर्गमूळ नसते, कारण ऋण हे कोणाचा वर्ग असू शकत नाही, हे स्पष्ट सांगितले. अकराव्या शतकात रोहिणीखंडाच्या श्रीपतीने त्यांची पुन्हा मांडणी केली. हे रोहिणीखंड म्हणजे वऱ्हाडातील बुलढाण्याकडचे रोहिणखेड, असे मानतात. आणि मग शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या ठिकाणी राहणाऱ्या महेश्वर नावाच्या विद्वानाच्या घरी भास्कराचार्याचा जन्म झाला.

हे विज्जडविड नेमके कोठे यावर पंडितांत पुष्कळ वाद झाले आहेत व त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु भास्कराचार्याच्या घराण्याचा खानदेशाशी संबंध होता याविषयी एक दगडी दस्तऐवजच उपलब्ध आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगरांच्या कुशीत, पाटण येथे भवानीचे जे जुने देऊळ आहे, त्यातील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता; त्याने आपल्या आजाचे ‘सिद्धांतशिरोमणी’प्रभृति ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथे एक मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेव व त्याचा बंधू हेमाडिदेव यांच्याकडून त्या मठास देणगी मिळाली, असे त्या लेखात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून शेवटचा भाग मराठीत आहे, आणि त्या मराठीत, पाटणच्या बाजारात जो माल विकावयास येई त्यावरच्या सरकारी उत्पन्नाचा अमुक हिस्सा मठाला द्यावा, अशा स्वरूपाचा तपशील दिलेला आहे. शके ११२८ मधील हा मजकूर. आपल्या भाषेच्या आरंभीच्या कोरीव लेखांपैकी एकात गणिताच्या पाठशाळेच्या खर्चाची तरतूद लिहिलेली असावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या मठात ‘बीजगणिता’चा पाठ चालत असेल तर त्याचा पहिलाच विषय धन आणि ऋण यांच्या सहा क्रियांचा असणार, कारण भास्कराचार्याने ग्रंथारंभी तोच घेतला आहे, आणि ऋण संख्या लिहिताना अंकाच्या डोक्यावर टिंब द्यावे हा संकेतही तेथल्या विद्यार्थ्यांनी गिरवला असणार.

परंतु भास्कराचार्याने या विषयात जी खरी भर घातली ती नियमांत नव्हे, अर्थात आहे. ‘लीलावती’च्या क्षेत्रव्यवहारात त्याने एक त्रिकोण दिला आहे. त्याच्या दोन भुजा दहा आणि सतरा, आणि भूमी नऊ. शिरोबिंदूपासून भूमीवर लंब टाकला असता भूमीचे जे दोन खंड पडतात, ज्यांना आबाधा म्हणतात, त्या काढावयाच्या आहेत. नेहमीच्या रीतीने जावे तर दोन्ही भुजांच्या वर्गांचे अंतर १८९ येते, त्यास भूमीने, म्हणजे नवाने भागले की २१ येतात; हे आबाधांचे अंतर झाले. आबाधांची बेरीज ९ आहेच. बेरीज ९ आणि अंतर २१, तेव्हा मोठी आबाधा १५. आणि लहान? नऊ उणे एकवीस, त्याचे अर्ध, म्हणजे ऋण सहा. येथे डायोफँटस थांबला असता. भास्कराचार्य थांबत नाही. आबाधा ऋण आली याचा अर्थ ती उलट दिशेची आहे, असे तो सांगतो. म्हणजे लंब भूमीच्या आत पडत नसून भूमीच्या बाहेर, दहाच्या भुजेपलीकडे, सहाच्या अंतरावर पडतो. वाचकाने कागदावर आकृती काढून पाहावी : लंब ८, एकीकडे ६ व ८ यांवरून कर्ण १०, दुसरीकडे १५ व ८ यांवरून कर्ण १७, सर्व बरोबर जुळते. ज्या ऋणाला लोक अभाव समजत होते ते येथे दिशा होऊन उभे राहिले आहे. ते सहा कोठे नाहीसे झालेले नाहीत. ते जमिनीवर आखून दाखवता येतात, फक्त पाय उलटीकडे टाकावा लागतो.

असे असता त्याच भास्कराचार्याने ‘बीजगणिता’त मात्र एके ठिकाणी ऋणाला दारातून परत पाठवले आहे, आणि तो प्रसंगही सांगितला पाहिजे. वानरांच्या एका कळपाचा पाचवा हिस्सा घेऊन त्यातून तीन कमी केले, आणि उरले त्यांच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले. बाहेर झाडाच्या फांदीवर एकच वानर उरला. तर कळपात वानर किती? समीकरण वर्गाचे असल्यामुळे उत्तरे दोन येतात, पन्नास आणि पाच. पन्नासांचा पंचमांश दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, आणि एक मिळून पन्नास, हे ठीक. पाचांचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले तर ऋण दोन, त्यांचा वर्ग चार, आणि एक मिळून पाच. गणिताच्या दृष्टीने हेही ठीकच. परंतु हे दुसरे उत्तर घेऊ नये, असे आचार्य म्हणतो, कारण प्रत्यक्ष वस्तू ऋण झाल्याची लोकांना प्रतीती येत नाही.

काही आधुनिक टीकाकारांनी या वाक्यावरून भास्कराचार्याला भित्रा ठरवले आहे. मला तसे वाटत नाही. त्रिकोणाच्या भूमीला दोन दिशा आहेत, म्हणून तेथील संख्येला विरुद्ध संख्या सापडते. वानरांच्या कळपाला दोन दिशा नाहीत, म्हणून तेथे सापडत नाही. ज्या राशीला शून्याच्या दोन्ही अंगांनी वाढता येते तिच्या ठायीच विरुद्धतेला अर्थ आहे, हा विवेक त्या दोन उदाहरणांत मिळून दिसतो, आणि तो एका बाजूने ऋणाचा सरसकट निषेध करणाऱ्या ग्रीकांहून आणि दुसऱ्या बाजूने नियम पाठ करून वाटेल तेथे ते लावणाऱ्या आमच्या परीक्षार्थ्यांहून पुष्कळ प्रौढ आहे. भास्कराचार्याने हा विवेक सूत्ररूपाने सांगितला नाही, एवढेच खरे. ते काम साडेचारशे वर्षांनी दुसऱ्या एका पंडिताकडून व्हावयाचे होते.

विदर्भात पयोष्णीच्या, म्हणजे पूर्णेच्या काठी दधिग्राम नावाचे गाव होते. तेथल्या एका ज्योतिषी घराण्यातील बल्लाळ हा काशीला जाऊन राहिला. सोळाव्या शतकात दक्षिणेतील विद्वान कुटुंबे काशीस जाऊन स्थायिक होण्याचा जो ओघ लागला होता त्यातलेच हे एक. बल्लाळाचा पुत्र कृष्ण दैवज्ञ. त्याचे गुरू विष्णु दैवज्ञ हेही गोदातीरीच्या गोलग्रामच्या घराण्यातले; कृष्णाचा भाऊ रंगनाथ ‘सूर्यसिद्धांता’चा प्रसिद्ध टीकाकार; रंगनाथाचा पुत्र मुनीश्वर हाही ‘लीलावती’चा टीकाकार; आणि खुद्द कृष्णाला जहांगीर बादशहाच्या दरबारी मान होता. इसवी सन १६०० च्या सुमारास त्याने भास्कराचार्याच्या ‘बीजगणिता’वर ‘नवांकुर’ नावाची टीका लिहिली. तिला ‘बीजपल्लव’ असेही म्हणतात. मूळ ग्रंथात नियम होते, यात उपपत्ती आहेत. नियम असा का, हा प्रश्न कृष्ण दैवज्ञ प्रत्येक ठिकाणी विचारतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. हा गुण आपल्या टीकावाङ्मयात जितका समजला जातो तितका दुर्मिळ नाही, परंतु इतक्या सातत्याने तो क्वचितच आढळतो.

ऋणत्व म्हणजे काय, याचे त्याने जे विवेचन केले आहे ते मी थोडक्यात आपल्या भाषेत सांगतो. ऋणत्व तीन प्रकारचे असते : देशाने, कालाने आणि वस्तूने, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे स्वरूप विपरीतता एवढेच आहे. एका रेषेवर पूर्व दिशेला धन मानले तर पश्चिमेला ऋण मानावे. आणि कोणाला पश्चिम धन मानावयाची असेल तर पूर्व ऋण होईल. कालात पुढे येणारे धन मानले तर मागे गेलेले ऋण. वस्तूच्या बाबतीत ज्या द्रव्यावर एकाचे स्वामित्व आहे ते त्याचे धन, आणि तेच द्रव्य दुसऱ्याच्या स्वामित्वाचे झाले म्हणजे ते त्याच्या दृष्टीने ऋण. देशाच्या प्रकाराला उदाहरण म्हणून त्याच्यासमोर तोच दहा, सतरा आणि नवाचा त्रिकोण आहे.

या विवेचनात दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली ही की, कर्ज हा आता ऋणसंख्येचा एकमेव अर्थ राहिला नाही. तो तीन प्रकारांतला एक झाला. हे आवश्यकच होते. कर्जाच्या कल्पनेने बेरीज-वजाबाकी समजते; कोणी आपले शंभराचे कर्ज माफ केले तर आपण शंभराने सधन झालो, हे कोणालाही पटते. पण कर्जाला कर्जाने गुणले असता धन येते, हे कोणत्या सावकाराला पटवून देता येईल? दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. धन कोणते आणि ऋण कोणते हे वस्तूत लिहिलेले नाही. ते मानण्यावर आहे, आणि एकदा एक मानले की दुसरे आपोआप ठरते. म्हणजे विरुद्धता हा एका संख्येचा गुण नसून दोन संख्यांमधला संबंध आहे. ऋण पाच ही काही मूळची उणी संख्या नव्हे. ती पाचाची विरुद्ध, आणि पाच हे तिचे विरुद्ध. भिल्लमालच्या आर्येत जे बीजरूपाने होते ते काशीच्या या टीकेत पूर्णपणे उमगलेले दिसते.

भास्कराचार्याच्या या ग्रंथांचा मोगल दरबारात परिचय होता. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी रूपांतर केले होते, आणि कृष्णाच्या टीकेनंतर तीसपस्तीस वर्षांनी, ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र अताउल्ला रुश्दी याने ‘बीजगणित’ फारसीत उतरवून शहाजहानास अर्पण केले.

युरोपातील हकीकत थोडक्यात सांगितली तरी चालेल, कारण तिच्यात एकाच शंकेची पुनरावृत्ती फार आहे. इटलीच्या कार्दानोने १५४५ मध्ये ऋण उत्तरांना कल्पित म्हटले. जर्मनीच्या श्टिफेलने त्यांचे नियम चांगले सांगूनही त्यांना असंगत म्हटले. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये त्यांना खोटी मुळे असे नाव दिले. १६८५ मध्ये इंग्लंडच्या वॉलिसने मात्र रेषेवर चालणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले : तो पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर तो मूळ जागेच्या तीन यार्ड मागे आहे, आणि हे मागे असणे पुढे असण्याइतकेच खरे आहे. कृष्ण दैवज्ञाचा पूर्वपश्चिम विचार तो हाच. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचा संभव नाही. तथापि वॉलिसच्याच देशात फ्रान्सिस मसेरेस याने १७५८ मध्ये आणि विल्यम फ्रेंड याने १७९६ मध्ये, ऋणसंख्या बीजगणितातून हद्दपार करावी असे प्रतिपादन करणारी पुस्तके लिहिली. हे लोक अडाणी नव्हते. ज्या गोष्टीची उपपत्ती दिली जात नाही ती केवळ सोयीची म्हणून मुलांच्या गळी उतरवू नये, हा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतली पुष्कळ स्पष्टीकरणे खरोखरच कच्ची होती.

वाद असा चालू असताना, १८१७ मध्ये इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकने ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच्या तळटीपांत कृष्ण दैवज्ञाच्या टीकेतील मजकूर जागोजाग दिला. पुढे चौदा वर्षांनी ऑगस्टस डी मॉर्गन याने एक उदाहरण घातले. हा डी मॉर्गन जन्माने मदुरेचा. वर सांगितलेल्या फ्रेंडचा पुढे जावई झाला. आणि दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांचे गणिताचे पुस्तक त्यानेच १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापविले. उदाहरण असे : बापाचे वय छप्पन, मुलाचे एकोणतीस, तर बाप मुलाच्या दुप्पट वयाचा केव्हा होईल? उत्तर ऋण दोन. डी मॉर्गनचे म्हणणे असे की, हे उत्तर आले म्हणजे प्रश्नच चुकीचा घातला गेला हे ओळखावे आणि ‘केव्हा होईल’ ऐवजी ‘केव्हा होता’ असे विचारावे. दोन वर्षांपूर्वी बाप चौपन्नाचा आणि मुलगा सत्तावीसचा होता. कृष्ण दैवज्ञाला प्रश्न बदलावा लागला नसता. कालाने येणारे ऋणत्व म्हणून त्याने ते उत्तर जसेच्या तसे ठेवले असते.

शेवटी निकाल लागला तो १८६७ मध्ये, हेर्मान हांकेल या जर्मन गणितज्ञाच्या ग्रंथात आणि त्याच्या मागोमाग झालेल्या कामात. ऋणसंख्या जगात कोठे आहे हा प्रश्न त्याने बाजूस ठेवला आणि संख्यांच्या क्रियांनी कोणते नियम पाळावेत एवढेच पाहिले. त्या दृष्टीने प्रत्येक संख्येला एक विरुद्ध संख्या असावी, जी तिच्यात मिळवली असता शून्य यावे, ही एक अट झाली. अशी संख्या एकच असते, हे दाखवणे अवघड नाही. कोणी म्हणेल की पाचाला दोन विरुद्ध संख्या आहेत. तर पहिली विरुद्ध संख्या, पाच आणि दुसरी विरुद्ध संख्या या तिघींची बेरीज घ्यावी. पहिल्या दोघींचे शून्य होऊन दुसरी उरते. शेवटच्या दोघींचे शून्य होऊन पहिली उरते. बेरीज एकच, म्हणून त्या दोन्ही एकच.

आणि कर्जाला कर्जाने गुणून धन कसे येते, ज्या नियमाची उपपत्ती ब्रह्मगुप्ताने दिली नाही आणि ज्यापायी मसेरेस व फ्रेंड यांनी एवढी शाई खर्चली, त्याचाही उलगडा या अटीतून होतो. त्यासाठी लागणाऱ्या सर्व गोष्टी, म्हणजे समान धनर्णांचे ऐक्य शून्य, कोणत्याही संख्येला शून्याने गुणले असता शून्य, धन आणि ऋण यांचा गुणाकार ऋण, आणि गुण्याचे खंड करून गुणण्याची रीत, भिल्लमालच्या त्या ग्रंथात मिळतात. (शून्याला शून्याने भागले असता शून्य येते हा तेथला एक नियम टिकला नाही, पण त्याची येथे गरज नाही.) धन तीन आणि ऋण तीन यांची बेरीज शून्य. तिला ऋण दोनाने गुणले तर उत्तर शून्यच. आता तोच गुणाकार खंड पाडून करावा : ऋण दोन गुणिले धन तीन म्हणजे ऋण सहा, त्यात ऋण दोन गुणिले ऋण तीन मिळवावयाचे आणि बेरीज शून्य यावयाची. ऋण सहात मिळवले असता शून्य आणणारी संख्या एकच आहे, ती म्हणजे धन सहा; तेव्हा ऋण दोन गुणिले ऋण तीन हे धन सहाच असले पाहिजे.